कावीळ उतरवणारी, कावीळ आणणारी

1993 साली ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या नियतकालिकात परळच्या केईएम रुग्णालयातून आलेला एक चार पानी निबंध छापून आला. विषय होता पित्तनलिका तुंबून होणारी कावीळ. खडा अडकतो किंवा गाठ होते, पित्त आतड्यात उतरायचं थांबतं, रक्तात चढतं आणि माणूस पिवळाधमक होतो. शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करता येते, पण असे रुग्ण बरेचदा नंतर दगावत, जंतुसंसर्ग रक्तात पसरून. केईएमच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांचे दोन गट केले. दोन्हीकडचं तुंबलेलं पित्त आधी नळीवाटे बाहेर काढलं, नेहमीचे उपचार दिले. एका गटाला या काळात गुळवेलीचा अर्कही पोटातून दिला, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 16 मिलिग्रॅम. ज्यांना अर्क मिळाला नाही त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रक्तात संसर्ग पसरला. ज्यांना मिळाला त्यांच्यात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण एकीकडे 40 टक्के, दुसरीकडे 92.

2021 साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्परिमेंटल हिपॅटॉलॉजी’त मुंबईतूनच दुसरा निबंध आला. जसलोक रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत त्यांच्याकडे सहा रुग्ण आले होते. सहाही जणांचं यकृत सुजलेलं, सहाही जण करोना दूर राहावा म्हणून गुळवेल घेणारे. त्यांतली एक बाई वाचली नाही.

एकच वेल, एकच शहर, एकच अवयव. पहिल्या निबंधात ती यकृताच्या रुग्णाला तारणारी, दुसऱ्यात यकृत बिघडवणारी. दोन्ही निबंध लिहिणारे लोक आपापल्या कामात पक्के. मग बदललं काय? वेल तर बदललेली नाही. ती आजही रत्नागिरीत जांभ्याच्या गडग्यावर, आंब्याकाजूच्या खांद्यावर, कुणी न लावता चढलेली दिसते.

ओळखायला फार कठीण नाही. पानं हृदयाच्या आकाराची, लांब देठाची. जुनी कांडी करंगळीपेक्षा जाड, वर राखाडी, कागदासारखी सुटणारी साल. नखानं ती साल खरवडली की खाली हिरवागार थर. आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्या दिसतात. वरच्या फांदीपासून सुतळीसारखी मुळं जमिनीकडे लोंबत येतात. बुंधा कुणी तोडला तरी वरचा भाग मरत नाही, लोंबतं मूळ पुन्हा माती गाठतं. तोडलेली कांडी पडवीत खुंटीला अडकवून ठेवली तरी पावसाळ्यात तिला कोंब फुटतो. जिला मरण नाही ती माणसालाही मरू देणार नाही, एवढी सरळ उडी जुन्या माणसांनी मारली असेल तर त्यांना हसू नये. भावप्रकाशात तिची जन्मकथाच तशी आहे. रावण मारला गेल्यावर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्यांच्या अंगावरून जे थेंब जमिनीवर पडले तिथे ही वेल उगवली.

चरकसंहितेत गुळवेल पुष्कळ ठिकाणी आहे, पण आपल्याला हवा तो उल्लेख पांडुरोगाच्या अध्यायातला. कावीळ झालेल्यानं सकाळी मधातून घ्यायच्या रसांमध्ये त्रिफळा, दारुहळद आणि कडुनिंबाबरोबर गुळवेलही सांगितली आहे. म्हणजे यकृत आणि गुळवेल यांची गाठ नवी नाही, निदान दीड-दोन हजार वर्षांची आहे.

छापील पुस्तकात ती आली सतराव्या शतकात. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ‘होर्टस मलाबारिकस’ काढला, 1678 ते 1693 या काळात, ॲमस्टरडॅमहून. तिथे गुळवेलीचं चित्र आहे. या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तिघे कोकणी वैद्य होते, गोव्याकडून कोचीत गेलेल्या घराण्यांतले. त्यांचं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलं आहे. देवनागरीच्या छपाईचे अगदी आरंभीचे नमुने सांगताना त्या पानाचं नाव घेतात. कोकणी वैद्यांच्या पोतडीतलं ज्ञान अशा रीतीनं युरोपच्या टेबलावर गेलं.

इंग्रजांना गुळवेलीत रस होता तो तापासाठी. सरकारनं काढलेल्या 1868 च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त एडवर्ड वेअरिंगनं तिला अधिकृत औषधांत जागा दिली. मुंबईत डॉ. सखाराम अर्जुन यांनी 1879 मध्ये मुंबईच्या औषधींची यादी इंग्रजीत छापली. रखमाबाईंचे सावत्र वडील आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, ते हेच. पुढे विल्यम डायमॉक या सरकारी औषधभांडाराच्या अधिकाऱ्यानं वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर 1890 ते 1893 मध्ये ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ काढलं. कोकणात कुठली मुळी कशासाठी उगाळतात, अशा नोंदी त्यात जागोजागी सापडतात. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचं ‘वनौषधिगुणादर्श’ आलं, 1927 मध्ये डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ आला. या सगळ्या ग्रंथांत गुळवेल आहे, आणि सगळ्यांत तिचा सूर चांगलाच आहे. तक्रार कुठे नाही.

का नसावी, याचा विचार करण्यासारखा आहे.

कोकणात कावीळ काही दुर्मीळ नव्हे. पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी उतरतं आणि हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन विषाणू पाण्यावाटे पोटात जातात. भूक मरते, मळमळतं, लघवी गर्द होते, डोळे पिवळे. बहुतेकांत हा आजार काही आठवड्यांत आपला आपण ओसरतो. त्यामुळे कावीळ उतरवणाऱ्याला यश हमखास. कुणी भुईआवळी वाटून ताकातून देतो, कुणी देवडांगरीचे थेंब नाकात सोडतो आणि नाकातून पिवळं पाणी वाहू लागलं की ‘कावीळ गळली’ म्हणतो. कुणी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीनं धुवून घेतो. पाणी पिवळं होतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. (हेच निरोगी माणसाच्या हातांवर करून पाहावं, पाणी तितकंच पिवळं होईल.) गुळवेलीचं श्रेय यापेक्षा वेगळं काढणं फार अवघड. ज्यांना बरं व्हायचंच होतं ते तिच्या नावावर जमा झाले.

उलट बाजूचा हिशेबही तसाच बिघडलेला. काविळीच्या हजारांमध्ये थोड्यांची कावीळ वाढत जाते, रक्त गोठेनासं होतं, माणूस बरळायला लागतो, झोपेचं दिवस-रात्रीचं चक्र उलटं होतं आणि मग शुद्ध हरपते. यालाच यकृत तीव्रपणे निकामी होणं म्हणतात. अशा माणसानं आधी काढा घेतला असेल तर दोष कुणाला द्यायचा? घरचे म्हणणार कावीळ जोराची होती. वैद्यही तेच म्हणणार, आणि बहुधा ते खरंही असणार. ज्या रोगावर औषध दिलं तोच रोग औषधानं होऊ शकत असेल, तर औषधाचा दोष रोगाच्या आड कायमचा लपतो. तापावर दिलं तरी तसंच, कारण कावीळ ताप घेऊनच येते. शतकानुशतकं गुळवेल आजारी माणसालाच दिली गेली. निरोगी माणसानं रोज उठून ती घ्यावी, असं कारण गावात कुणालाच नव्हतं. इतकी कडू वस्तू हौसेनं कोण खाणार?

आता केईएमकडे वळू, कारण निरोगी माणसाच्या कपात गुळवेल पडण्याची वाट नकळत तिथून गेली.

केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’, ‘वृक्षगान’, ‘हिरवाई’ या पुस्तकांमुळे ओळखतो. झाडांवर इतक्या जिव्हाळ्यानं लिहिणारी बाई दिवसभर प्रयोगशाळेत उंदरांना संसर्ग देऊन त्यांचं काय होतं ते मोजत होती, हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. डॉ. उर्मिला थत्ते आणि त्यांनी मिळून आयुर्वेदातल्या रसायन समजल्या जाणाऱ्या वनस्पती घेतल्या: गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, आवळा अशा. प्रश्न साधा ठेवला. पोटात जंतूंचा संसर्ग झालेला प्राणी या वनस्पती आधी दिल्यानं वाचतो का? गुळवेलीनं वाचणारे वाढले. जंतू तिनं थेट मारले नव्हते. शरीरातल्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी जास्त कामाला लागल्या होत्या. 1989 साली दोघींनी ‘आयुर्वेदा रिव्हिजिटेड’ हे पुस्तक लिहिलं. जुन्या ग्रंथातलं सगळं खरंच आहे असंही नाही आणि सगळं थोतांड असंही नाही, तपासून पाहू, हा त्यांचा सूर होता. तो सूर तेव्हाही कमीच ऐकू यायचा, आता तर फारच.

1993 चा निबंध याच कामाचा पुढचा भाग. त्यात डहाणूकरांबरोबर डॉ. निर्मला रेगे आहेत आणि शल्यविशारद डॉ. रवी बापट आहेत, ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे पुस्तक लिहिणारे. पित्त तुंबलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर तो त्यामुळे जातो, हे सर्जनला रोज दिसत होतं. औषधशास्त्रवाल्यांकडे पांढऱ्या पेशी जाग्या करणारी वेल होती. दोघे एकत्र आले. तीस रुग्ण ही संख्या लहान आहे, तेवढ्यावर डंका पिटता येत नाही, आणि निबंधाच्या शीर्षकातही ‘नवी दिशा’ एवढंच म्हटलं आहे. पण त्या औषधाला चौकट होती. रोग ठरलेला, अर्क ठरलेला, मात्रा वजनावर मोजलेली, मुदत पित्त उतरवण्यापुरती आणि रुग्ण रोज डॉक्टरच्या डोळ्यांसमोर.

पुढे चौकट गळून पडली आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ एवढंच वाक्य उरलं.

मधे आणखी एक वळण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या देशात औषधानं यकृत बिघडण्याचं सगळ्यांत मोठं कारण क्षयाच्या गोळ्या. बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या डॉ. हर्षद देवरभावी यांनी 2010 साली अशा 313 रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात 58 टक्के क्षयाच्या औषधांचे होते. पाश्चात्त्य देशांत पहिला मान पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेचा, आपल्याकडे आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइडचा. या गोळ्या थांबवता येत नाहीत, कारण क्षय मारतो, आणि चालूही ठेवता येत नाहीत, कारण कावीळ मारते. यावर उतारा म्हणून गुजरातमधल्या डॉक्टरांनी क्षयाच्या रुग्णांना गोळ्यांच्या जोडीला हळदीतलं कर्क्युमिन वाढवलेला अर्क आणि गुळवेल दिली. 2008 मध्ये त्यांचा निबंध आला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या 192 जणांपैकी 27 जणांच्या यकृताला बाधा झाली, हळद-गुळवेल घेणाऱ्या 316 जणांपैकी फक्त दोघांच्या. औषधानं होणाऱ्या इजेपासून राखण करायला गुळवेल आणि हळद! आज हे दोन्ही राखणदार संशयितांच्या यादीत आहेत. हळदीचा प्रकार अमेरिकेत झाला. औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या जाळ्यानं हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्या दहा रुग्णांची माहिती छापली, आणि त्यांच्यात एक विशिष्ट जनुकप्रकार वारंवार दिसला, एचएलए-बी 35:01. काही कॅप्सूलांत मिरीचं सत्त्वही होतं, त्यानं कर्क्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं. आमटीतली हळद यात कुठेच नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी फोडणी बंद करायचा.

मार्च 2020 उजाडला आणि गुळवेलीचं नशीब फिरलं. विषाणूवर औषध नाही, लस नाही, तर निदान प्रतिकारशक्ती तरी हवी, असं घरोघरी ठरलं. त्या उन्हाळ्यात मुंबईहून हजारो चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्यात परतले, शाळांतून आणि मांगरांतून विलगीकरणात राहिले. काढ्याचं भांडं तेव्हा चुलीवरून उतरतच नव्हतं. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी, आणि परड्यात फुकट मिळणारी गुळवेल. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं करोनासाठी आयुर्वेद आणि योगाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. ज्यांना धोका जास्त त्यांनी बचावासाठी गुडूची म्हणजे गुळवेलीची घनवटी, 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर, असं त्यात होतं. मागणी इतकी उसळली की शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाला डाबर, बैद्यनाथ यांच्यासारख्या कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या आसपासची गुळवेलीची मागणी मिळाली. सरकारी प्रसिद्धिपत्रकांत त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तही होतं. ज्या समाजाच्या वाट्याला रानातून आणलेल्या वस्तूचे चार पैसे कधी नीट आले नाहीत, त्याला एकदा बरा भाव मिळाला.

इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. घनवटीचे दिवसाला हजार मिलिग्रॅम. केईएमचे दर किलोला 16 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 960. दोन्ही अर्क तंतोतंत सारखे नसतील, पण ढोबळमानानं मात्रा एकाच पट्टीतली. म्हणूनच ‘लोकांनी वाट्टेल तितकं घेतलं, म्हणून झालं’ हे उत्तर मला पटत नाही. काहींनी अति केलं असेलच. पण मात्रेपेक्षा मोठा फरक होता तो घेणाऱ्या माणसांत. केईएममध्ये खचलेल्या प्रतिकारशक्तीच्या तीस रुग्णांपैकी एका गटानंच ती घेतली. 2020 मध्ये घेणारे असंख्य, ठणठणीत किंवा स्वतःला ठणठणीत समजणारे, महिनोन्महिने. दहा-वीस हजारांत एखाद्यालाच होणारी इजा गावच्या वैद्याला जन्मभरात एकदाही दिसणार नाही. घेणारे देशभर पसरले की ती एका शहरातल्या एका डॉक्टरपुढे चार महिन्यांत सहा वेळा येऊन बसते. शिवाय हे लोक आधी आजारी नव्हते. ताप नव्हता, कावीळ नव्हती. ज्याच्या आड लपता आलं असतं, असं काही उरलंच नव्हतं.

जसलोकच्या डॉक्टरांनी नेहमीच्या क्रमानं एकेक कारण बाजूला काढलं. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई. दारू. इतर औषधं. औषधानं यकृत बिघडलं हे सांगणारी रक्ताची एकच एक चाचणी नसते, बाकी सगळं नाही म्हटल्यावर जे उरतं त्यावर बोट ठेवायचं. त्यासाठी गुण द्यायची एक पद्धत आहे, रुकाम नावाची, ती योगायोगानं 1993 चीच. औषध कधी सुरू केलं, इजा कधी दिसली, थांबवल्यावर काय झालं, दुसरं कारण आहे का, याला गुण मिळतात. आणि धोका जोखायला हायमन झिमरमन या अमेरिकी डॉक्टरचा नियम आहे: औषधानं यकृतपेशी मरत असतील आणि जोडीला कावीळही दिसत असेल, तर दर दहांत साधारण एक जण जातो.

मग बायॉप्सी. उजव्या बाजूला दोन फासळ्यांमधून सुई आत जाते आणि श्वास रोखायला सांगतात तेवढ्या वेळात बाहेर येते. तिच्यात शेवईसारखा बारीक, एक-दोन सेंटिमीटर लांबीचा यकृताचा तुकडा. त्याचे काप काढून, रंगवून काचेवर ठेवले की दिसतं कोण कुणावर चाल करून गेलंय. सहापैकी काहींच्या कापांत जे दिसलं ते विषबाधेपेक्षा वेगळं होतं. रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथून जातात त्या कोपऱ्यांत शरीराच्याच संरक्षक पेशींची दाटी झाली होती आणि त्या हद्द ओलांडून यकृतपेशींत घुसल्या होत्या. स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच यकृतावर उठणं, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस, त्याचं चित्र असंच असतं. रुग्णांमध्ये बायका जास्त होत्या. काहींना थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा त्रास होता, काहींचं यकृत आधीपासून आतल्या आत बिघडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

डहाणूकरांनी उंदरांत जे मोजलं तेच हे. पांढऱ्या पेशी जाग्या झाल्या. परळच्या वॉर्डात त्यांच्यासमोर जंतू होते. इथे जंतू नव्हते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच स्वतःच्या शरीराकडे वाकड्या नजरेनं पाहत होती त्यांच्यात तिनं यकृत धरलं. दोन्ही निबंध एकमेकांना खोडत नाहीत. मला तर दुसरा निबंध पहिल्याची सगळ्यांत कडवी साक्ष वाटतो. गुळवेल काहीच करत नाही असं म्हणणाऱ्यांनी आता ते म्हणणं सोडावं.

जुलै 2021 मध्ये आयुष मंत्रालयानं पत्रक काढून हा निबंध दिशाभूल करणारा ठरवला. मुख्य आक्षेप असा, की रुग्णांनी घेतलेली वेल खरीच गुळवेल होती हे लेखकांनी तपासलं नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण असू शकेल. आक्षेप अगदी पोकळ नव्हता. क्रिस्पा दिसायला जवळची, तिच्या खोडावर ठसठशीत पुटकुळ्या असतात, थायलंडकडे ती मधुमेहावर घेतात आणि तिनं यकृत बिघडल्याच्या नोंदी जुन्या आहेत. पण मंत्रालयानं शंका काढली आणि शंका हेच उत्तर म्हणून वापरलं. सहा रुग्णांचे नमुने मागवायचे, डीएनए तपासायचं, आणखी रुग्ण शोधायचे, हे त्यांना कुणापेक्षाही सोपं होतं. ते काम 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांच्या डॉक्टरांनी केलं. ‘हिपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांनी 43 रुग्ण मांडले. निम्म्याहून जास्त बायका. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्य काळ 46 दिवस. काहींना तीव्र हिपॅटायटिस, काहींचं जुनं दुखणं उफाळलेलं, काहींचं यकृत पुरतं निकामी. घरून मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक आणि विषशास्त्रीय तपासणीही झाली, आणि लेखकांचं बोट गुळवेलीवरच राहिलं.

क्रिस्पात कडवट चवीची, फ्युरान कडं असलेली डायटर्पिन जातीची रसायनं आहेत, आणि त्यांची भावंडं गुळवेलीतही आहेत. तसलं एक रसायन कोकणाला वेगळ्या वाटेनं परिचयाचं आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास रत्नागिरीच्या बाजारात करांदे येतात. त्यांचाच रानटी भाऊ कडू करांदा. चीनमध्ये त्याचा औषध म्हणून वापर होतो आणि त्यातल्या डायोस्बल्बिन-बी या रसायनानं यकृत बिघडतं हे तिथल्या संशोधकांनी दाखवलं आहे. आपल्याकडे ज्यांच्यावर कडू करांदे खायची वेळ आली त्यांनी ते चिरून, राख घालून उकळून, पाणी टाकून, पुन्हा उकळून खाल्ले. कडूपणा काढल्याशिवाय पोटात घालायचा नाही, हे पोटानंच शिकवलेलं.

गुळवेलीचं सत्त्व करायची जुनी रीतही याच अंगानं पाहता येते. ओली कांडी सोलून ठेचायची, पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायची. गढूळ पाणी निवळलं की तळाशी पांढरा थर बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं, नवीन घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं, थर शुभ्र होईपर्यंत. मग उन्हात वाळवायचं. हातात येतो तो मुख्यतः पिष्टमय भाग, आणि पाण्यात विरघळणारी कडू द्रव्यं बरीचशी धुऊन गेलेली. वैद्य लहान मुलाला नि अशक्त माणसाला तापानंतर हेच द्यायचे. घनवटी नेमकी उलटी: काढा आटवत आटवत सगळा कडूपणा एका गोळीत कोंबलेला. दुकानात दोन्हींच्या बाटल्यांवर पानाचं चित्र तेच.

रत्नागिरीतल्या डॉक्टरपुढे आज असा रुग्ण आला तर काय होतं? ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘नाही.’ यात खोटं काही नसतं, काढ्याला औषध कोण म्हणतो? यकृत ढासळायला लागलं तर त्याला मुंबईला हलवायचं, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, आणि तिथे पहिल्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी 2010 पासून देशव्यापी कार्यक्रम आहे, त्याचा कारभार गाझियाबादहून चालतो. आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळं जाळं आहे, त्याचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. रुग्ण यकृततज्ज्ञाकडे जातो, औषध दुसऱ्या खात्याचं असतं. पहिल्या कार्यक्रमाच्या अर्जात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असे रकाने आहेत. परड्यातून तोडलेल्या कांडीसाठी त्यांतला पहिला रकाना तेवढा भरता येतो. यकृततज्ज्ञ आता प्रश्न बदलून विचारतात: काढा, चूर्ण, घनवटी, झाडपाला, शेजारणीनं दिलेलं काही? मग रुग्णाबरोबर आलेलं माणूस पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवतं.